शेजारच्या वाफ्यातली भाजी

वाडीवाली मामी स्वतः पेरलेली भाजी कधीच खात नसे. तिच्या हातचा पालक गावात नावाजलेला होता. पण तिच्या चुलीवर शिजत असे ती शेजारच्या वाफ्यातली भाजी.

आमचे गाव कामठीच्या पुढे. शाळेमागे पंचायतीची जागा पडीक होती. मामीने बायका जमवून तेथील विहिरीभोवती गोलाकार वाफे पाडले, घरटी एक; तीच आमची वाडी. नियम तिचाच होता: पेरायचे आपल्या वाफ्यात, तोडायचे उजव्या हाताच्या वाफ्यातून. कारण विचारले की म्हणे, "आपल्या वाफ्यात माणूस आवडीचंच पेरते अन् जलमभर तेच खाते. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं म्हंजे जिभेले वळण लागते."

आमच्या घरचा वाफा मी पाहत असे, पण बटाटा आणि वांगे यांपलीकडे भाजी जाणली नव्हती. माझ्या उजवीकडचा वाफा सुमनचा, आणि तिने अंबाडी लावलेली. मी रिकाम्या हाताने परतू लागलो, तशी मामी विहिरीवरून म्हणाली, "काहून जी भाऊ, अंबाडीनं तुमचं काय वाकडं केलं? एवढे मोठे माणूस, अन् पानाले भेऊन राहिले." बायका हसल्या. मी अंबाडी नेली. पुढे चवळी आली, आंबट चुका आला. डॉक्टरांनी माझे साखरेचे औषध कमी केले. हे मामीला सांगितले, तर ती एवढेच म्हणाली, "मले नोका सांगू. सुमनले सांगा."

अबोला धरलेली घरेही एकमेकांच्या वाफ्याची चौकशी करू लागली होती. ताटात पडायचे ते तेथूनच येणार होते.

मग मामीचे गुडघे गेले. मुलाने तिला शहरात, हुडकेश्वरला नेले. तिचा वाफा सुमनच्या उजव्या हाताला, म्हणून त्यातून तोडण्याचा हक्क सुमनचा. पण सुमन म्हणाली, "मामी वापस येईपर्यंत तिच्या वाफ्याले हात लावाचा नाही." सर्वांना ते योग्य वाटले. आम्ही त्या वाफ्याला न चुकता पाणी देत असू. पालकाला तुरे आले, भेंड्या झाडावरच निबर झाल्या.

सुमन स्वतःच्याच वाफ्यातले नेऊ लागली. तेथे माझ्यासाठी काही उरेना, म्हणून मी माझे तोडू लागलो. मग माझ्या वाफ्यावर विसंबलेल्या घराने त्यांचे. अशा रीतीने सारे रिंगण सुटले. जो तो आवडीचे लावू लागला आणि वाडीभर वांगीच झाली. मुले पुन्हा दुकानातल्या खाऊच्या पुड्यांवर आली. माझे औषध पूर्वीइतके झाले आहे.

उन्हाळ्यात सुमन आणि मी मामीला भेटायला गेलो. ती तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून होती. सुमनने मोठ्या मायेने सांगितले, "मामी, तुमच्या वाफ्याले कोणी हात नाही लावला. जसाच्या तसा आहे."

मामी खिडकीपासून तिच्याकडे वळली.

"मंग तू काय खाल्लं वं, सुमन?"

मामीने वाडीविषयी आणखी काही विचारले नाही. सुनेला चहा ठेवायला सांगितले. ती आमची अखेरची भेट.

परतताना बस कामठीजवळ आल्यावर सुमन म्हणाली, "उद्या सकाळी तोडीन मामीच्या वाफ्यातलं."

त्यात तोडण्याजोगे काही राहिले नव्हते, हे तिलाही ठाऊक होते. मी "बरे" म्हणालो.