फ्लॅश पडल्यानंतर

माझी माय फोटोत कधी हसलीच नाही. माझ्या लग्नात नाही, भावाच्या लग्नात नाही. कॅमेरा दिसला की पदर ओठांवर, मान ताठ, नजर समोर. कारण एकच, मशेरीनं काळे पडलेले दात. आणि मी कोण, तर बीडमध्ये लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी तिची लेक! अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्यामुलींना हसवते आणि घरच्या बाईपुढं हात टेकते, हे मला लई झोंबायचं.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचे दात हलायला लागले. भाकरी चहात बुडवून खायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, हिरड्या गेल्यात, दिवाळी झाली की सगळे दात काढू, मग कवळी बसवू. माय म्हणाली, बरं झालं, ब्याद जाईल. मला मात्र दुसरंच सुचलं. ज्या हसण्यासाठी आम्ही भावंडं लहानपणी वाट्टेल ते चाळे करायचो, ते जाणार आणि त्याचा एक फोटो माझ्याकडं नाही! मी ठरवलं, दिवाळीच्या आत काढायचाच. कसा निघत नाही तेच बघते.

सीताफळाच्या दिवसांत माय मांजरसुंब्याच्या फाट्यावर पाटी घेऊन बसते. शेजारी पेरूवाली खाला. खाला गिऱ्हाइकांच्या नकला करते आणि माय पोट धरून हसते, म्हणजे हसू तिथंच मिळणार. लग्नाचा मोसम नव्हताच. मी कॅमेरा घेऊन फाट्यावर ठाण मांडलं.

पहिल्यांदा ढाब्याच्या खांबाआडून लांबची लेन्स लावली. मायला कसं कळलं देव जाणे, पदर वर. मग एकदा बस आली, बाया पाट्या घेऊन खिडक्यांकडं धावल्या, मीही मागं धावले. फोटोत आली मायची पाठ आणि कंडक्टरचं कोपर. नंतर मोबाईलवर बोलायचं सोंग करून बघितलं, तर खालानंच चुगली केली. माय वैतागली, धंद्याच्या टायमाला कशाला छळतीस म्हणाली. घरी काढ, चांगलं लुगडं नेसून बसते. पण मीही तिच्याच पोटची. परत गेले.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, उजेड नव्हता, म्हणून फ्लॅश लावला. लख्खकन उजेड पडला आणि दोघींनी एकदम श्वास सोडला. पदर खाली आले, पाय पसरले. निघाला एकदाचा, खाला म्हणाली. आणि माझी ट्यूब पेटली. आमच्याकडं वरात रात्रीची, स्टेजवर गर्दी. लाईट पडला की फोटो निघाला, हेच सगळ्यांना ठाऊक. लाईट पडेपर्यंत अख्खं घराणं श्वास रोखून उभं, आणि पडला की कुणी नाक खाजवतंय, कुणी सुनेला चिमटा काढतंय. खरी माणसं तिथं, आणि नेमका तेव्हाच मी कॅमेरा खाली घेते. येडी कुठली!

दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, नीट बसा, एकच काढते. दोघी ताठ. फ्लॅश पाडला. मग गुपचूप तो बंद केला, कॅमेरा मांडीवर ठेवला, लेन्स मायकडं करून, आणि खालाला विचारलं, सकाळी कोण गिऱ्हाईक आलतं? झालं. कुणी एक साहेब सगळी सीताफळं दाबून, हुंगून, शेवटी बिनबियाचं हाय का म्हणून विचारून गेला होता. खालानं तो असा काही उभा केला की माय मागं रेलून हसली. मी बटण दाबत राहिले.

फोटो निघाला. डोळे मिटलेले, पदर घसरलेला, काळे दात, पुढच्या दोन दातांतली फट, सगळं उघड्यावर. शिव्या खायच्या तयारीनं मी तो तिला दाखवला. ती बघतच राहिली. कागदावर काढून दे, एवढंच म्हणाली. मला धास्ती, आता फाडून टाकते की काय.

दिवाळीनंतर दात काढले. हिरड्या भरल्यावर कवळीचं माप द्यायला गेलो. डॉक्टरांनी नमुने पुढं ठेवले, पांढरेशुभ्र, एका ओळीत. मायनं कमरेच्या पिशवीतून तो फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. रंग कसाबी चालेल, पण पुढं अशीच फट ठेवा, म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं. मावशी, लोक फट बुजवायला येतात माझ्याकडं, असं ते म्हणाले.

"येऊ द्या," माय म्हणाली. दात नव्हते, शब्द फुसफुसत होते, पण आवाज पक्का होता. "ही फट माझ्या मायची हाय. ती गेली तवा तिचा एकबी फोटो न्हवता. या फोटोत मला माझी माय दिसली. तिला बुजवू नका."