फलश्रुती नसलेली पुस्तकं

माझी नात पुण्याला नोकरी करते. मागच्या थंडीत तिनं मला एक खोकं पाठवलं. ते इतकं जड होतं की आणणाऱ्यानं दारातच ठेवलं आणि सुनेनं पायानं ढकलत आत घेतलं. आत पाच पुस्तकं होती, पाचही एकाच गोष्टीची. वर पंख असलेला अजगर, आणि उघडल्याबरोबर नकाशा. जो देश जगात नाही त्याचा नकाशा.

नातीनं ही पुस्तकं शाळेत असताना इंग्रजीत वाचली होती. तेव्हा जेवायला हाका मारून घसा बसायचा, पण ती उठायची नाही. आता त्यांचं मराठी झालं म्हणून तिनं मला पाठवली. फोनवर म्हणाली, "आजी, तू वाच. मग आपण बोलू त्याच्यावर."

माझं लक्ष अजगरापेक्षा त्या बोलण्याकडे गेलं. रविवारी तिचा फोन येतो आणि दोघींनाही काय बोलावं ते सुचत नाही. तिचं ऑफिस मला कळत नाही. माझे गुडघे तिनं किती वेळा ऐकायचे?

मी चौथी शिकले. पुढं कुणी शिकवलं नाही, पण वाचायची खोड राहिली. आमचे मालक कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीवर होते. पेट्यांत घालायला रद्दी यायची, ती आधी मी वाचायची आणि मग द्यायची. त्यामुळे मी आयुष्यभर पुष्कळ गोष्टी वाचल्या, पण बहुतेकांची एक तर सुरुवात नव्हती नाही तर शेवट नव्हता.

खोकं आलं तेव्हा माझा उजवा डोळा गेलेलाच होता. त्या डोळ्यानं माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालं होतं. ओळ मधोमध वाकायची, पण वाचता यायची. सीताबर्डीच्या डॉक्टरनं सांगितलं की पडदा मधून झिजला आहे, यावर इलाज नाही. मी विचारलं, वाचणं बंद केलं तर टिकेल का? तो म्हणाला, "आजी, वाचल्यानं जात नाही आणि न वाचल्यानं राहत नाही. जे वाचायचं आहे ते वाचून घ्या." मला तो माणूस आवडला. मुलाला राग आला. ऑटोत बसल्यावर म्हणाला, असं तोंडावर बोलतात का? मी म्हटलं, पाठीमागं बोलून मला कसं कळणार?

तर प्रश्न असा होता की उरलेला डोळा या पाच पुस्तकांना द्यायचा का. दुसरं काही वाचायचं ठरलं होतं असं नाही. पोथी पाठ आहे, तिला डोळा लागत नाही. पण आमच्याकडे एक आहे. पोथी लावली की मध्ये सोडत नाहीत. लावायच्या आधीच विचार करायचा, पार पडेल का. मला ती सवय इतकी मुरली आहे की मी साधं मासिकसुद्धा पुरं वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. पाच पुस्तकं लावायची म्हणजे मला भीती वाटली.

संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या बागेत एक मैत्रीण भेटते. श्रावणात आम्ही एकत्र पोथी वाचतो. तिला सांगितलं.

"कायचं पुस्तक हाये वं?"

"अजगराचं."

"अजगर काय करते?"

"उडते."

"मंग उडू दे ना त्याले. तुले काय करायचं हाये?"

"नातीनं पाठवलं. वाचू का नको, ते सांग."

तिनं थोडा विचार केला. "शेवटचं पान पाह्य ना. वाचून काय भेटते ते लिवलंच असन तिथं."

हे मला का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. वाचणाऱ्याला काय मिळेल ते स्पष्ट लिहिलेलं असतं, संतान, आरोग्य, संकटनाश. मिळतं की नाही ते सोडा, लिहिलेलं तरी असतं. एवढी जाड पुस्तकं लिहिणारी बाई काही सांगितल्याशिवाय राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत उन्हात बसून, भिंग घेऊन मी पाचव्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. एक मुलगी शहराच्या बंद दरवाजाबाहेर उभी आहे. आत कुणी नाही. ती दार वाजवत नाही. एवढंच. खाली लिहिलं होतं, पाचवा खंड समाप्त. त्याच्याखाली बारीक अक्षरात, सहावा खंड लेखिका लिहीत आहेत.

मी रविवारची वाट न बघता फोन लावला.

"हे तं संपलंच नाही वं."

"आजी, तू शेवट आधी वाचलास?" ती इतकी हसली की तिच्या बाजूला बसलेलं कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारू लागलं. "असं कोणी करतं का? सगळी मजा गेली ना."

"मजा राहू दे. सहावं कधी येते?"

"काय माहीत. मी कॉलेजपासून वाट बघतेय. ती लेखिका खूप म्हातारी आहे, आजारीही असते म्हणतात."

"म्हणजे तिचं आधी होते का माझं आधी होते, असं हाये हे."

"आजी."

"काहून, खोटं हाये का?"

पुण्याला गेल्यापासून ती 'मले' सोडून 'मला' म्हणायला लागली आहे, आणि अवघड जागी गप्प बसायलाही तिथंच शिकली आहे.

तरी मी पहिलं पुस्तक उघडलं. एक अध्याय बघू म्हणून.

नावं लांबलचक आहेत. मी त्यांची आपली नावं ठेवली, मोठी, धाकटी, टकल्या, नावाडी. नकाशा सोडून दिला. लढाया फार आहेत आणि एवढ्या सैन्याला कोण रांधून घालतं ते कुठंच लिहिलेलं नाही. राजे कधी आजारी पडत नाहीत, एकदम मरतात. पण नदी आटलेली आहे, तिच्या पात्रात मीठ राहिलं आहे आणि लोक ते खरवडून खातात, हे जे तिनं लिहिलं आहे ते वाचताना माझी जीभ खारट झाली. खाली अजगर झोपला आहे. तो उठला तर पाणी येईल, पण शहरं बुडतील. उठवायचा की नाही, यावर सगळे भांडतात. आणि एक नावाड्याचा पोरगा आहे. नदीच नाही, तरी तो रोज बापाच्या नावेला तेल लावतो. लोक हसतात. तो म्हणतो, लाकूड आहे, तडकेल.

मला वाटत होतं की पुस्तक फालतू निघावं. फालतू निघालं असतं तर प्रश्न मिटला असता. पण ते वाचण्यासारखं होतं. रोज सकाळी ऊन गॅलरीत आलं की मी बसायची. सून म्हणायची, "आई, भाजी निवडता का?" मी म्हणायची, थांब.

पहिल्या पुस्तकाच्या निम्म्यावर आले तेव्हा ओळीतलं वाकणं वाढलेलं होतं. एक पान वाचायला सकाळ जाऊ लागली. हिशेब करायची गरजच नव्हती. पाच काय, एकही पुरं होणार नव्हतं.

सासूबाईंनी एकदा श्रावणात पोथी लावली आणि मध्येच तापानं पडल्या. तेव्हा घरातल्या दुसरीनं तिथून पुढं वाचायचं असतं. मी त्यांच्या उशाशी बसून राहिलेले अध्याय वाचले. मला अर्थ फारसा कळला नाही. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, पण एखादा शब्द चुकला तर हात वर करायच्या. आमचं पटायचं नाही. तरी तेवढे दिवस पटलं.

रविवारी मी नातीला सांगितलं, "पुस्तक चांगलं हाये. पण मले आता वाचणं होत नाही. मी जिथं सोडीन तिथून तू वाचशील काय? फोनवर. थोडं थोडं."

मी कुणाला काही मागत नाही. हे मागितलं.

"अगं, मी वाचलंय ना सगळं," ती म्हणाली. "मी सांगतेच तुला, थांब. तो नावाडी पोरगा आहे ना, तो तिसऱ्या भागात मरतो, पुलावर. मग त्याची बहीण राणीशी भांडते. मध्ये खूप राजकारण आहे, ते सोड. चौथा भाग जरा बोअर आहे. मग अजगर उठतो, पाणी येतं, सगळे शहर सोडून जातात. शेवट तर तू वाचलाच आहेस. बस. आता डोळ्याला ताण नको देऊ, हां?"

सुनेनं गॅसवर ठेवलेला चहा अजून उकळायचा होता. तेवढ्यात पाचही पुस्तकं झाली.

मी म्हटलं, बरं. तिनं मायेनंच केलं होतं. तिला वाटलं, म्हातारीला गोष्टीचं पुढचं कळत नाही म्हणून त्रास होतो आहे. तिची मीटिंग होती, रविवार असूनही. तिनं फोन ठेवला.

मुलगा म्हणाला, खोकं माळ्यावर टाकू का? मी चार टाक म्हटलं. पहिलं ठेवलं.

मला कुणी विचारलं की ही पुस्तकं वाचावीत का, तर मी सांगेन की वाचावीत. डोळे चांगले असताना वाचावीत, आणि घरात दुसरं कुणी वाचणारं असेल तर जास्तच बरं. नसेल तर त्याच्या पुढं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मी अजून सकाळी बसते. नावाड्याचा पोरगा लहान आहे. त्यानं शेजारणीचा गूळ चोरला आहे आणि आता तो मार खाणार आहे. तो पुलावर मरतो हे मला माहीत आहे, त्याला माहीत नाही. आज त्याच्या मार खाण्याचं पान होतं. वरच्या ओळी दिसल्या, कडेचे शब्द दिसले. मधला पोरगा दिसला नाही. पुस्तक तिरपं धरलं, दूर धरलं, भिंग पुसलं. ऊन गॅलरीतून निघून गेलं तोवर मी त्याच पानावर होते.