हौसाची विश्रांती आणि माझी धावपळ

सांगलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टी. बी. आहे. उजव्या फुफ्फुसात." टी. बी. म्हणजे क्षय. माझी सून हौसा बाकावर पदर सावरून बसली होती. वय एकोणीस. मुलगा लढाईवर. जाताना तो मला एवढंच म्हणाला होता, "आबा, हिला तुमी बघा."

ती वाचली, हे आधीच सांगतो, म्हणजे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना धीर येईल. पण त्यात बढाई मारावी असं माझं काही नाही.

डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या. मोकळी हवा, दूध-अंडी आणि बेड रेस्ट. बेड रेस्ट म्हणजे आडवं पडून राहणं, उठून बसायचंसुद्धा नाही. "बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे चुकवू नका," ते म्हणाले.

मी फौजेतला जुना हवालदार. नुसतं पडून राहणं हा इलाज आहे, हे मला पटलंच नाही. वडूजजवळच्या आमच्या गावी परतलो आणि मी कंबर कसली. पडवीत तिची बाज टाकली. शेळी घेतली. मेढ्याकडचा मध आणवला. कुणी सांगेल तो काढा उकळला, कुणी देईल तो अंगारा लावला. "सुनंसाठी म्हातारा लय करतोय," असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगायचो.

दर खेपेला पडवीच्या दाराशी मी रीतीप्रमाणे खाकरायचो. दूध प्यालीस का? काढा घेतलास का? हौसा डोईवर पदर घेऊन उभी असायची. मला ती उभी दिसत होती. पण सून सासऱ्यापुढं उभीच असते, त्यात नवल ते काय!

तिसऱ्या महिन्यात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा सांगली गाठली. डॉक्टर माझ्यावर उखडले, "ही पडून राहत नाही!"

"साहेब, एका कामाला हात लावू दिला न्हाई तिला," मीही आवाज चढवला.

माझी बायको चारचौघांत कधी माझ्यापुढं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आवं, तुमी आलासा की ती उठती. सासऱ्याम्होरं पोरगी पडून कशी ऱ्हाईल?"

"दिवसातून किती वेळा जाता?" डॉक्टरांनी विचारलं.

दूध, मध, काढा, अंगारा, ताप बघणं... मी आठवायला लागलो आणि मध्येच थांबलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने तिला दिवसभर मीच उठवत होतो. आजही हे लिहिताना मान वर होत नाही.

हौसाला दवाखान्यात ठेवून घेतलं. ए. पी. सुरू केलं. म्हणजे सुईनं छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस दाबून ठेवायचं, त्यालाही विश्रांती मिळते. काढे-अंगारे मी बंद केले. माझ्याकडं एकच काम उरलं. सासरा दिसला की सुनेनं उठून उभं राहायचं, तो मान माझा होता, तो मलाच सोडायला हवा होता.

पहिल्या दिवशी मी खाटेजवळ गेलो, तशी ती कोपरावर उठायला लागली.

"निजून ऱ्हा, पोरी."

"मला लाज वाटती, मामंजी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लाज मला वाटाय पायजे गं," म्हणालो आणि खाली फरशीवर बसलो. रोज दुपारी तसाच बसायचो. ती अंग चोरून पडायची, डोळे छताला.

आठव्या दिवशी बोलता बोलता तिला माझ्यादेखत झोप लागली. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तरी मी हललो नाही.