पिक्चर त्यांचा, इंटरव्हल आपला

"पिक्चर त्यांचा, इंटरव्हल आपला," असं म्हणून ऑपरेटरकाका शर्टाच्या बाह्या मागे सारायचे आणि जिना चढून वर केबिनमध्ये जायचे. दर शुक्रवारी हेच वाक्य, याच बाह्या.

ठाण्यातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात माझं कॅन्टीन आहे. तुम्ही तिथे कधी आला असाल, तर माझा समोसा खाल्ला असणारच. काकांनाही पाहिलं असेल, फक्त ओळखलं नसेल. खेळ सुटला की जिन्याच्या कठड्याला टेकून, डब्याची पिशवी काखेत धरून एक किडकिडीत माणूस लोकांचं बोलणं ऐकत उभा असायचा ना, तेच ते.

परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं. तिकडची माणसं एवढा वेळ चहाशिवाय कशी बसतात देव जाणे. आपल्याकडे तो कुठेतरी थांबवावा लागतो, आणि आमच्या थिएटरात कुठे थांबवायचा ते काका ठरवायचे. शुक्रवारी पहिल्या खेळाच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये एकटे बसून सिनेमा बघायचे. मनासारखी जागा सापडली की उठायचे आणि प्रोजेक्टरच्या मशीनमध्ये तेवढी वेळ टाकून यायचे.

त्याच्या पुढचा सिनेमा त्यांनी कधी बघितलाच नाही. थट्टा नाही करत, खरंच सांगते. रिळांच्या काळात इंटरव्हलनंतर आधीची रिळं गुंडाळत बसावं लागायचं, तीच सवय पुढे राहिली. सिनेमाचा शेवट त्यांना जिन्यावर, लोकांच्या तोंडून कळायचा.

"अहो काका, एकदा तरी पूर्ण बघा की," मी म्हणायचे.

"कशाला गं? आपलं काम इंटरव्हलपर्यंत. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं."

आमची खरी जुंपली ती त्या मुखवटेवाल्या, उडणाऱ्या परदेशी हीरोच्या तीन भागांवरून. पहिल्या भागाला हीरो आईसमोर मुखवटा काढतो, तिथे काकांनी दिवे लावले. पोरं अशी तापून बाहेर आली की समोसे पुरेनात. मी खूश. दुसऱ्या भागाला हीरोच्या जिवलग दोस्ताचा हात पुलावरून निसटतो, तिथे दिवे लावले. आणि काय सांगू तुम्हाला, एक माणूस जागचा उठला नाही! सगळे आत तोंड वासून बसलेले आणि मी बाहेर गरम समोशांसमोर माश्या मारत उभी. आठवडाभर मी काकांना चहा दिला नाही. वर थिएटरच्या मालकाकडे, शेठकडे जाऊन तणतणून आले ते वेगळंच.

"एवढं चांगलं काम करायचं नसतं हो," मी शेवटी त्यांना म्हटलं. "लोकांना भूक लागेल असं करायचं."

काका पोट धरून हसले.

मग तिसरा भाग आला. शेवटचा. काका त्याच महिन्यात रिटायर होणार होते, म्हणजे त्यांचाही हा शेवटचाच मोठा पिक्चर. आणि नेमकं तेव्हाच शेठने फर्मान काढलं, की यापुढे इंटरव्हल बरोब्बर मधोमध. घड्याळ लावून. काकांना सकाळचा सिनेमासुद्धा बघू दिला नाही.

पहिल्याच खेळाला घोळ झाला. हीरो सगळी ताकद गमावून निपचित पडलाय, आई उशाशी बसून लहानपणीचं गाणं गुणगुणतेय, आणि त्या गाण्याच्या मध्येच भप्पकन दिवे! अजून जरा दम धरला असता तर गाणं संपतं आणि हीरोचं बोट हलतं. हॉलमधून आरडाओरडा सुरू झाला. "ओ ऑपरेटर, झोपलास काय?" लोक मागे वळून केबिनच्या खिडकीकडे हातवारे करत होते.

खेळ सुटला तसे काका कठड्याशी येऊन उभे राहिले. शेजारच्या खोपटची कॉलेजची पोरं तावातावाने उतरत होती. "वाट लावली यार! हीरो पॉवर देऊनच टाकतो? मग आपण तीन-तीन पिक्चर कशाला बघितले?" त्यांच्या मागून एक बाई ओढणीने डोळे पुसत आली. "अरे, तेच तर छान होतं. थकला होता रे तो." एक आजोबा मध्येच थांबून विचारत होते, "पण मेला की जगला?" अर्धा जिना म्हणाला मेला, अर्धा म्हणाला जगला. "अहो, मग शेवटी गॅलरीत बसून चहा पितो तो कोण?" "ते स्वप्न आहे, आजोबा!" असा सगळा गोंधळ. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की इंटरव्हल भिकार होता.

काका माझ्या काउंटरशी आले. "ताई, पोरांनी फोकसवरून, आवाजावरून कितीदा शिव्या घातल्या असतील. इंटरव्हलवरून कधी कुणी बोललं नव्हतं गं. आणि जाता जाता हे ऐकायचं?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं.

मी पदर खोचला आणि तडक शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ शांतपणे म्हणाले, "अहो, हे तुमच्यासाठीच केलंय. दुसऱ्या भागाच्या वेळी समोसे उरले म्हणून तुम्हीच बोंब मारलेली ना?"

मारलेली होती. काकांच्या हातातलं काम माझ्याच तोंडाने गेलं होतं.

"शेठ, माझे समोसे कुत्र्याला घालायची वेळ आली तरी चालेल," मी म्हटलं, "पण काकांचा इंटरव्हल काकांना द्या."

"एक खेळ," शेठ म्हणाले. "रविवारी दुपारचा. बघू."

रविवारी पहिल्या खेळाच्या आधी काका रिकाम्या हॉलमध्ये बसून आपली जागा शोधून आले. दुपारी हॉल फुल्ल. खोपटची पोरं पुन्हा आलेली, म्हणे नीट शिव्या घालायला पुन्हा बघणार. मी समोशांचं ताट घेऊन दारातून आत डोकावत होते. आईचं गाणं संपलं. आवाज बंद झाला. हीरोचं बोट हललं, आणि दिवे लागले.

मग असा गलका उठला! शिट्ट्या काय, टाळ्या काय, ती पोरं तर खुर्च्यांवर उभी. बाहेर मात्र एक माणूस येईना. म्हटलं, ठीक आहे, तुम्ही येत नाही तर मीच येते. ताट घेऊन आत घुसले आणि रांगेरांगेतून समोसे वाटत सुटले. बघता बघता ताट रिकामं झालं. मी केबिनच्या खिडकीकडे बघून ते वर धरून हलवलं. आतून काकांनी दोन्ही हात उंचावले.

इंटरव्हल संपून पिक्चर पुढे सुरू झाला तसे ते खाली आले, तेव्हा मी विचारलं, "काका, शेवटी मेला की जगला?"

"तीन दिवस जिन्यावर ऐकतोय. अजून काही कळलेलं नाही."

मग मी काही ऐकलं नाही. दंडाला धरून त्यांना आत नेलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं.

महिनाअखेरीस काका रिटायर झाले. आता सगळ्या खेळांना इंटरव्हल मधोमध होतो, माझे समोसे खपतात आणि जिन्याच्या कठड्याला कुणी टेकत नाही. पण मला काका आठवतात ते त्या रविवारचे. मांडीवर डब्याची पिशवी, खुर्चीच्या कडेवर बसलेले, मध्येच डब्याच्या फडक्याने डोळे पुसणारे. लोक तसेच भांडत बाहेर आले. "बकवास!" "काहीही काय, एक नंबर!" "ते सोड, इंटरव्हल बघितलास ना?" आणि यावर कुणी भांडलं नाही.

काका सगळ्यांत शेवटी आले.

"काय हो, कसा वाटला?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी काखेत नीट बसवली, बाह्या मागे सारल्या आणि जरा विचार केला.

"पुढचं त्यांनी पण बऱ्यापैकी निभावलंय," म्हणाले, आणि खोपटच्या एसटी स्टँडकडे चालायला लागले.