वैशालीच्या नावावर

चेंडू माझ्या हाताच्या अंतरावर पडला आन् मी नुसती बघत उभी. पंजाबच्या दोन पोरी पळत होम बेसला पोचल्या. मॅच गेली. मैदानाबाहेर आले, तर मॅनेजरसाहेबानं सगळ्या संघासमोर, बाहेरच्या राज्यांच्या पोरींसमोर, फाडकन् माझ्या थोबाडीत दिली.

"नाव विसरलीस व्हय गं? मेंढ्या राखणाऱ्यांना नाव कशाला पायजे? मेंढराला असतंय का?"

असतंय की साहेब. भुरी, तांबडी, लांडी. माझा बाप एकेकीला हाक मारून बोलावतो. पण हे मी मनातच म्हणलं, गाल चोळत. आमची कॅप्टन खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच नाडी.

राज्याराज्यांच्या संघांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा त्या साली आमच्याच औरंगाबादेत होती, गारखेड्याला. शाळेत आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांना ह्या स्पर्धेचा इतिहास तोंडपाठ. सराव झाला की सांगत बसायचे. सुरवातीला म्हणे सगळ्या संघांकडं ग्लोव्हच नसायचे. डाव बदलला की आपले ग्लोव्ह काढून समोरच्या राज्याच्या पोरींना घालायला द्यायचे. रेल्वेत संडासापाशी बसून संघ जायचे. बॅट बघून लोक विचारायचे, धुण्याचं धोपटणं हाय का? "पण त्या बायांची नावं आजबी घेतात," सर म्हणायचे. "एकदा नॅशनल खेळ, तुझंबी नाव त्यांच्यात." मला तेवढंच पायजे होतं. दुसरं काय नाय.

आम्ही धनगर. दौलताबादच्या डोंगराखाली बापाची मेंढरं. मेंढरू कळपातून फुटलं की त्याच्या पुढं धोंडा टाकायचा. त्याला लागला नाय पायजे, पण ते वळलं पायजे. हे लहानपणीच हातात बसलेलं. सरांनी माझी फेक बघितली आन् मला पार मागं, सेंटर फिल्डला उभं केलं. राज्याच्या संघात निवड झाली. बाप निवड बघायला आला होता. पटक्याच्या शेवानं डोळे पुसत राहिला येडा.

संघाचं सरावाचं शिबिर संपता संपता मॅनेजरसाहेबानं बोलावलं. वैशाली त्याची पुतणी. चेंडूला कधी हात लावलेला नाय. पण नॅशनल खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की सरकारी नोकरीत खेळाडूची जागा मिळती. तो म्हणला, "खेळायचं तू, नाव तिचं. ओळखपत्रावर फोटो तुझाच लावलाय."

"साहेब, निवड तर माझी झाली ना?"

"खायला मिळतंय, बूट मिळाले, खेळायला मिळतंय. नाव काय चाटायचंय?"

मी सरांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत म्हणले, "यंदा असंच खेळ. पुढच्या साली तुझ्या नावावर." बापाला सांगितलं, तर तो म्हणला, "आपलं कोण ऐकतंय माय? खेळ तू."

खेळले. वैशाली मांडवात पंख्याखाली बसून समोसे खायची. मी फेक केली आन् माइकवर तिचं नाव आलं की तिच्या मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या. तिच्या पाठीवर थापा मारायच्या. एकदा पाणी प्यायला गेले, तर मला म्हणली, "थँक यू हां. लई भारी खेळतीस तू माझ्यासाठी." माझ्यासाठी!

आता तो पंजाबच्या मॅचमधला चेंडू. उंच उडाला की दोघी-तिघी धावतात, धडकतात. म्हणून कॅप्टन ओरडून एकीचं नाव घेती. जिचं नाव तिनं झेलायचा, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. सरावात ती माझंच नाव घ्यायची. त्या मॅचला अंपायरच्या देखत तिला "वैशाली!" म्हणून ओरडावं लागलं. माझे पाय आपोआप थांबले. मी बाजूला झाले. वैशालीला जागा करून दिली. आन् वैशाली मांडवात.

त्या संध्याकाळी मी नळाखाली तोंड धरून बसले. जीव नकोसा झाला. वाटलं, उद्या मी इथं मेले तर कागदावर वैशाली मरंल, आन् वैशाली घरी जेवत असंल. हसूच आलं. मग लई रडले. रडून काय होतंय? काय नाय झालं.

दुसऱ्या दिवशी साखळीतली पुढची मॅच होती. माइकवर पुकारलं, "सेंटर फिल्ड, वैशाली." मी सरळ अंपायरकडं गेले.

"सर, मैं वैशाली नहीं हूँ. वो मंडप में बैठी है."

आन् माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. गाव सांगितलं. मॅनेजरसाहेब धावत आला. "ऊन लागलंय पोरीला, डोकं फिरलंय." अंपायरनं कॅप्टनला विचारलं. कॅप्टननं माझ्याकडं बघितलं, मॅनेजरकडं बघितलं. म्हणली, "ये वैशालीच है."

अंपायर म्हणला, "खेलना है तो खेलो, नहीं तो बाहर."

मी ग्लोव्ह काढून तिथंच ठेवला आन् बाहेर आले. माझ्या जागी दुसरी पोरगी गेली. मॅच झाली. आमच्या पोरी जिंकल्याबी. वैशालीला प्रमाणपत्र मिळालं, पुढं नोकरी लागली. मला परत कुठल्याच निवडीला आत सोडलं नाय. सर रस्त्यात दिसले तर रस्ता बदलतात. बाप एवढंच म्हणला, "कशाला बोललीस? निदान खेळत तरी होतीस." थोबाडीत खाल्ली त्याच्यापेक्षा हे जास्त लागलं. अजून लागतंय.

आता राज्याची निवड असली की मी गेटवर उभी राहते. आत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला तिचं नाव विचारते आन् सांगते, माइकवर हेच आलं पायजे. नाय आलं तर खेळू नको, मोठ्यानं बोल, मी इथंच हाय. पोरी घाबरतात. काहीजणी हसतात. मॅनेजरच्या माणसांनी मला ढकलून पाडलंय, येडी म्हणून हाकललंय. त्यांनी गेट बदललं तर मी त्या गेटवर जाईन. स्पर्धा दुसऱ्या राज्यात गेली तर तिथं. माझी खेळायची वर्षं गेली, ती कोणी परत देणार नाय. पण ह्याच्यापुढं एकीच्या नावावर दुसरीला आत घालायचं असंल, तर आधी मला तुडवून जावं लागंल.