संग्रहालयात डरकाळी

साताऱ्याहून इंदूरला प्राणिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा कॉलेजचं संग्रहालय माझ्या गळ्यात पडलं. एक खोली, बरण्यांमधले साप आणि काचेच्या कपाटात धार जिल्ह्याच्या टेकड्यांत सापडलेलं डायनासोरचं अंडं. नारळाएवढं, पार दगड झालेलं. बघायला चिटपाखरू फिरकत नसे. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसासाठी तासभर ताटकळणारी माणसं कोट्यवधी वर्षांच्या अंड्याला दोन मिनिटं देणार नाहीत, हे मी केव्हाच समजून घेतलं होतं.

प्राचार्यांनी मात्र ते मनावर घेतलं. ते इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले, वाईट बातमीसुद्धा पोहे पुढे करून देतात. "मॅडमजी, पब्लिक नाही आली तर रूम एमबीएवाल्यांना द्यावी लागेल हं." त्या खोलीवर माझा जीव होता.

म्हणून आम्ही ऑगमेंटेड रिअॅलिटी आणली. कपाटावर लावलेल्या चित्रासमोर टॅबलेट धरला, की पडद्यावर अंडं फुटायचं आणि पिल्लू बाहेर येऊन खोलीभर हिंडायचं. हे बिचारं लांब मानेचं, पाला खाणारं जनावर, असं मी कंपनीच्या इंजिनिअरला पुन्हापुन्हा बजावलं. त्याने त्याला वाघाची डरकाळी दिली. "मॅडम, दहाड के बिना पब्लिक बोर हो जाएगी." शिवाय ते चित्र काचेच्या असं मधोमध चिकटवलं, की मागचं अंडंच झाकलं गेलं. विज्ञानाचा प्रसार जोरात सुरू झाला.

गर्दी मात्र झाली, हो! शाळाच्या शाळा आल्या, कपाटाकडे पाठ करून सेल्फी काढून गेल्या. मी तेही गोड मानून घेतलं, खोली तर वाचत होती.

मग प्राचार्यांनी चित्राची एक प्रत मागून नेली आणि कॅन्टीनच्या टेबलावर ठेवली. पोह्यांच्या बशांमधून पिल्लू उठलं, डरकाळी फोडली, टाळ्या पडल्या. "कमाल झाली, मॅडमजी! हे तर कुठेपण निघतं. मग त्या रूमची काय जरूरत?"

आठवड्याभरात एमबीएची टेबलं आली. कपाट हलवण्यापूर्वी मी काचेवरचं चित्र खरवडून काढलं. देखरेखीला आलेले प्राचार्य वाकून आत बघू लागले.

"अरे! आपल्याकडे खरोखरचं अंडंपण होतं?"

"होतं, सर," मी म्हटलं.