तिरडी बांधणारा वसंता

सकाळी वसंताच्या जावयाचा फोन आला, "मास्तर, मामाजी गेले." आर्वीत आमच्या भागात कुणी गेलं, की पहिलं माणूस वसंताच्या दुकानाकडे धावायचं. मीही सवयीनं चप्पल अडकवून तिकडेच निघालो आणि अर्ध्या वाटेत थबकलो...

वसंता मर्तिकाचं सामान विकायचा. बांबू, सुंभ, मडकी, पांढरं कापड, गुलाल. दुकानाला पाटी नव्हती. गिऱ्हाइकाला तो "या" म्हणत नसे, मग "पुन्हा येजो" कुठलं! कोण गेलं हेसुद्धा विचारायचा नाही. "उंची किती? बाई असन तं नवरा हाये का? जाळता का पुरता?" एवढंच. कोणत्या समाजात काय लागतं, काय चालत नाही, सगळं तोंडपाठ. गोंड वस्तीतली माणसं आली, तर न सांगता त्यांचं सामान वेगळं काढायचा.

माझे वडील गेले तेव्हा मी त्याच्यापुढे नुसता उभा राहिलो. "मास्तर, तुमी घरी जा. मी येतो," म्हणाला आणि सामान घेऊन स्वतः आला. अंगणात उकिडवं बसून तिरडी बांधली, एकेक गाठ पाय लावून ओढली. "खांद्यावर सैल पडली तं मानसं घाबरतेत," म्हणाला. त्या दिवसापासून तो मला सख्ख्यासारखा होता.

मग तयार सामानाचं पाकीट आलं. फोन केला की गाडी दारात, तिरडीही लोखंडी. वसंता माशा मारत बसू लागला. मी चिडवायचो, "गिऱ्हाईक नाही म्हणजे चांगलंच की रे, गावात कुणी मरत नाही!" तो हसला नाही. "मरून राह्यले, मास्तर. माह्याकडे येत नाई."

त्याच्या मयतीला जावयानं गडबडीत तेच पाकीट मागवलं. उघडलं तर आत हिरव्या बांगड्या, हळदकुंकू... सवाष्णीचं सामान! वसंता ताडमाड उंच, त्या लोखंडी तिरडीबाहेर त्याचे पाय लोंबायला लागले. दुकानात बांबू होते, सुंभ होतं, बांधणारा तेवढा आडवा पडला होता. आम्ही म्हाताऱ्यांनी खटपट केली, पण उचलायला गेलं की गाठी सुटत. शेवटी त्याचे गुडघे दुमडून त्याला त्याच लोखंडीवरून नेलं. ज्यानं अख्ख्या गावाला नीट पोचवलं, त्याला आम्ही असं नेलं. मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

रात्री दुकान बंद करतानाही एक फळी तो कधीच लावत नसे. कुणाला केव्हा गरज पडेल, सांगता येत नाही म्हणून. त्याच्यामागे त्याची बायको, आमच्या वहिनी, अजून ती उघडीच ठेवतात. परवा मी त्यांच्याशी बोलत बसलो होतो, तेवढ्यात खेड्यावरचा एक माणूस त्या फटीशी आला. त्याची आई गेली होती.

"भाऊ, ते गेले," वहिनी म्हणाल्या. "आता इथं कोनी नाई."

त्यानं आत बांबूंकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मंग मायले कसं नेऊ?"